खाडीपलीकडं दोन सायकली

बाई,

समुद्र बघून आलो. सायकलीनं गेलो, सायकलीनंच आलो, बायको बरोबर होती. मध्ये एक संध्याकाळ अशी गेली, की आता सांगलीला आपण एकटेच परतणार असं मला वाटून गेलं. घरी आल्यापासून सगळे विचारतात आणि मी सगळ्यांना सांगतो, पण त्या संध्याकाळचं हसून सांगतो. न हसता सांगायला माणूस शोधत होतो. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मी मुद्दाम मोजत नाही. बोलायचं कुणाशी म्हटल्यावर तुम्हीच पुढं उभ्या राहिलात, पदर खोचून, एका हातात खडू, दुसऱ्या हातात सायकलची किल्ली.

तुमची ती लेडीज सायकल. कऱ्हाडहून आमच्या गावापर्यंत कृष्णेच्या काठाकाठानं तुम्ही ती चालवत यायचात आणि बायका भाकरी तव्यावर तशीच टाकून दारात यायच्या. गावाला तुमचं नाव माहीत असायची गरज नव्हती, तुम्ही 'कोकणातल्या बाई'. कविता पाठ केली की मैदानाला एक फेरी, असा तुमचा आणि आमचा करार. बाकीच्या पोरांना सायकल पाहिजे होती म्हणून ती कविता पाठ करायची. मला पुढं पुढं दोन्हीतलं काय जास्त पाहिजे ते सांगता येईना. तुम्ही मैदानाच्या मधोमध उभ्या राहून टाळ्यांनी ताल धरायचात आणि म्हणायचात, "वृत्त आधी पायात आलं पाहिजे, तोंडात मागाहून येतं." आजही चढ लागला की माझ्या पायांना ओवी लागते आणि उतारावर भुजंगप्रयात आपोआप सुरू होतो. बायको म्हणते, सायकलीला घंटी कशाला बसवलीय, ह्यांचं तोंड हाय की.

पावसाळ्यात रस्ता बंद झाला की तुम्ही गावातच, तेलाच्या घाण्यामागच्या खोलीत राहायचात. मी दूध घेऊन यायचो. चूल धुरकट, भिंतीला टेकवलेली सायकल, आणि पातेल्यात काहीतरी लालसर उकळतंय. तुम्ही वाटीत ओतून दिलंत. मी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आमसुलाचं सार आहे, थुंकू नकोस," तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "बाई, समुद्र कसा असतो?" तुम्ही चूल फुंकायला वाकलात. चूल चांगली पेटलेली होती. तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत कसा असतो ते. वर्गात मात्र समुद्राच्या कविता तुम्हीच शिकवल्यात, आणि मी त्या इतक्या प्रेमानं पाठ केल्या की एकदा पाठांतराच्या तासाला दोन्ही हातांनी लाटा करून म्हणायला लागलो. पोरं हसली नाहीत, त्यांनाही ते खरंच वाटत होतं. तुम्ही मात्र टेबलावर छडी आपटलीत. "हात खाली. जे पाहिलं नाहीस त्याच्याशी एवढी सलगी नको." मी खाली बसलो. बाई, तेव्हा मला वाटलं होतं की माझं पाठांतर चुकलं.

तर हे मनात होतं. हळदीच्या पेढीवरची नोकरी संपली, नातवंडं पुण्याला, हातात वेळ. म्हटलं एक फेरी मारायची. कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर, मग खाडी ओलांडून जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि आंबा घाट चढून परत. मोठी मोहीम नाही, दमलं की थांबायचं. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, एकटे अजिबात नाही." तेव्हा बायकोनं डाळ निवडता निवडता सांगितलं, "मी जाती की. ह्यास्नी ढकलायला कुनीतरी लागंलच." तिची तुम्हाला ओळख करून द्यायला पाहिजे. ती जतकडची. तिच्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन फिरणारी, आता थोडी शेती करतात. पाणी म्हणजे तिच्या लेखी आडातून शेंदायची गोष्ट, अंगावर घ्यायची नव्हे. पोहायला येत नाही. पण सायकल! उमेदीची सगळी वर्षं तिनं कुपवाडच्या कारखान्यात पॅकिंगला काढली, सायकलीवर जाऊन-येऊन, डबा कॅरियरला, पावसात, उन्हात. माझी सायकल कवितेची आणि तिची पगाराची, आणि दोन्हींत कुठली पक्की असते ते मला पहिल्याच चढावर, पाटणच्या पुढं कळलं.

घाटाची भीती होती, तो निम्मा ब्रेकवर उतरलो. खरी फसगत पुढं. आम्हा घाटावरच्या माणसांची समजूत असते की एकदा खाली उतरलं की सगळा सपाट किनारा, डावीकडं माडाची झाडं, उजवीकडं पाणी. तसं काही नाही, बाई. तिथला रस्ता खाडीपाशी उतरतो, की लगेच सड्यावर, वरच्या कातळी माळावर चढतो, की परत उतरतो. प्रत्येक वाडीला तिचा स्वतःचा घाट आहे. बायको एका चढावर उतरून सायकल ढकलत म्हणाली, "तुमच्या बाईंनी ह्ये सांगितलं न्हवतं व्हय कवितेत?" मी म्हटलं, "कवितेत चढ नसतात." "मग पाठ करून काय उपेग," ती म्हणाली आणि पुढं गेली.

जयगडला फेरीबोटीतून उतरलो त्या दिवशीची गोष्ट. दुपार टळत आलेली. एका लहान वाडीखाली वाळूचा किनारा दिसला, ओहोटीनं पाणी पार मागं गेलेलं, आणि ओली वाळू सिमेंटच्या रस्त्यासारखी घट्ट. सायकलीचं चाक नुसती रेघ उमटवत जात होतं. आयुष्यात पहिल्यांदा समुद्राच्या इतक्या जवळून, आणि एकही चढ नाही. मी हरखून गेलो. थोडं पुढं एक खाडीचं तोंड लागलं. तोंड कसलं, ओढ्याएवढं पाणी, घोट्यापर्यंत. त्याच्या पलीकडं काळ्या कड्याखाली वाळूची एक लांब पट्टी आणि तिच्या टोकाला खडक. मला त्या खडकापाशी जाऊन, समुद्राकडं तोंड करून, तुमच्या तासाची एक कविता अख्खी म्हणायची होती. बायको म्हणाली, "आवं, कविता हितनं बी म्हनता येती की." मी सायकल उचलून पाणी ओलांडलं. ती मागून आली, सलवार वर धरून, देवाचं नाव घेत.

आता माझी हुशारी ऐका. सांगलीत पूर आला की आम्ही पाण्याच्या कडेला काठी रोवतो. काठी बुडाली की भांडीकुंडी माळ्यावर चढवायची, नाही बुडाली तर चहा प्यायचा. कृष्णेचं पाणी तसं वागतं, समोरून येतं, सांगून येतं, बोटाबोटानं चढतं. मी तिथं वाळूत एक काठी रोवली, समुद्राच्या कडेला. बायकोला म्हटलं, "तू काठीवर लक्ष ठेव." ती भडंगाची पिशवी सोडून बसली आणि इमानानं काठीकडं बघत राहिली. मी कविता म्हटली. एक झाली, दुसरी सुरू केली. हात हलत होते, तेही सांगतो. मधेच विचारलं, "काठी?" ती म्हणाली, "हाय की जाग्यावर." खरंच होती. त्या बाजूची वाळू उतरती होती, पाणी चढत होतं पण काठीपर्यंत यायला त्याला वेळ लागत होता. पाठीमागच्या सपाट खाडीला मात्र तेवढा वेळ लागणार नव्हता, आणि तिकडं आमच्यापैकी कुणी बघत नव्हतं.

परत निघालो तेव्हा पट्टी आखूड झालेली दिसली. मी म्हटलं, नुसतं वाटतंय तसं. खाडीपाशी आलो तर जिथून घोटाभर पाण्यातून आलो होतो तिथं रुंद, गढूळ पाणी. बायको थांबली. तिनं सायकलीचा ब्रेक घट्ट धरलेला, जणू सायकलच पुढं जाईल. ती हळू आवाजात म्हणाली, "आवं, ह्यो वडा उलटा वाहतोय." मी बघितलं. पाणी समुद्रातून आत, जमिनीकडं, वर चाललं होतं, बऱ्यापैकी ओढीनं, फेस घेऊन. बाई, मी नदीकाठचा माणूस. पाणी वर वाहताना मी पाहिलं नव्हतं. 

मागं कडा, सरळ उभा. डावीकडं समुद्र, समोर हे. मी म्हटलं, "चल, अजून कमरेएवढंच असेल. आत्ताच निघू. पाणी चढत असताना थांबला तो अडकला." आमच्या काठावर लहानपणापासून हेच शिकवतात. तिनं मान हलवली. "वड्याला पानी आलं की मेंढरं वर घ्यायची आन गप बसायचं. पान्यात एक मेंढरू घातलं की समदा कळप जातो." मी म्हटलं, "हा तुमच्या जतचा ओढा नाही." ती म्हणाली, "आन ही तुमची कृष्णा बी न्हाई." मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला. "तुमास्नी जायाचं तर जावा. मी पान्यात पाय घालायची न्हाई." तिचा चेहरा मी ओळखतो. कारखान्यात संप झाला तेव्हा, मुलाच्या लग्नात, असा झाला होता. तो झाला की बोलणं संपतं.

मग मी जे केलं ते रागानं केलं की घाबरून, मला अजून ठरवता येत नाही. म्हटलं, मी पलीकडं जातो, माणसं घेऊन येतो, आणि सायकलीसकट उतरलो. सायकल आधाराला राहील असा हिशेब. चार पावलं ठीक. पाचव्याला खालची वाळू निघून गेली. पायाखाली जमीन आहे, पण ती थांबत नाही, असं काहीतरी. ओढीनं सायकल आडवी केली, माझ्या हातातून काढून घेतली, आणि मला त्याच दिशेनं, आत, घेऊन निघाली. मी हात मारले. लहानपणी कृष्णेत पाठीला भोपळा बांधून शिकलेले हात, ते आठवले पण त्यांच्यात जोर नव्हता. तोंडात पाणी गेलं. खारट म्हणतात, ते खारट नव्हतं, कडू होतं. काठाकाठानं बायको पळत होती, माझ्या बरोबरीनं, स्वतःची सायकल ढकलत. मला वाटलं ही सायकल घेऊन कुठं पळतेय. कड्याच्या पायाशी एक खडक पाण्यात आलेला, तिथं ती थांबली, गुडघाभर पाण्यात उतरली, बाई, जी पाय घालणार नव्हती ती, आणि हँडल घट्ट धरून सायकलीचं मागचं चाक माझ्याकडं पाण्यात सोडलं. "कॅरेल धरा," ती म्हणाली. ओरडली नाही. डब्याला कॅरियर लागतो तेवढ्या सहज म्हणाली. मी कॅरियर धरला. माझ्या वजनानं ती पुढं घसरली, एक पाऊल, आणखी एक, आणि मला स्वच्छ दिसलं की मी हे सोडलं नाही तर ही पण येणार. सोडायचं ठरवलं. बोटं उघडत नव्हती. तेवढ्यात तिची टाच कुठंतरी खडकाला अडकली.

तिनं मला वर ओढलं. पदर नव्हता म्हणून ओढणीनं माझं डोकं पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "बसा आता." आम्ही खडकावर जेवढं वर जाता येईल तेवढं गेलो, तिची सायकल घेऊन. वाळूची पट्टी तिथून पूर्ण दिसत होती. ती बारीक होत गेली, मग तुकडे झाले, मग नाही. काठी कधी गेली ते बघितलंच नाही. दोघांचे फोन माझ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, पिशवी माझ्या सायकलीला, सायकल पाण्यात. खडकाला एका उंचीपर्यंत पांढरे शिंपले चिकटलेले होते आणि त्याच्या वर नव्हते. सांगलीत घराघरांच्या भिंतींवर पुराच्या खुणा असतात तशी रेघ. मी तिला दाखवली, "इथवरच येत असेल." ती म्हणाली, "असंल." आम्ही रेघेच्या वर होतो, हातभर. पण मधेच एखादी लाट रेघ ओलांडून चपलांपर्यंत यायची, आणि मग रेघेवरचा माझा विश्वास उडायचा. आज नेहमीसारखीच भरती आहे हे मला कोण सांगणार होतं?

सूर्य खाली चाललेला. ती म्हणाली, "म्हना की आता कविता. येळ तरी जाईल." मी तोंड उघडलं. बाई, एक ओळ आली नाही. मैदानाच्या इतक्या फेऱ्यांची कमाई, ताटावर बसल्यावर, दाढी करताना, चढावर, कधीही येणारी, आणि तिथं कोरडी पाटी. मला फक्त पाण्याचा आवाज येत होता आणि तो कुठल्याही वृत्तात बसत नव्हता. ती वाट बघून म्हणाली, "न्हाई तर नगा म्हनू," आणि मग तिच्या आज्याच्या मेंढरांबद्दल बोलत राहिली. माळावर पाऊस लांब कुठं पडायचा आणि ओढ्याला पाणी उन्हात यायचं, मग कळप टेकावर घालून सगळे बसायचे, म्हातारा आज्या पाण्याकडं पाठ करून तंबाखू मळायचा. "पाठ का?" मी विचारलं. "बघून काय कमी व्हतंय व्हय." पण ती स्वतः बघत होती. टक लावून, त्या लाल झालेल्या पाण्याकडं. मी पाठ केली होती.

होडी आली ती माझ्या पिशवीमुळं. कॅरियरवरून सुटून ती तरंगत आत वाडीच्या धक्क्यापर्यंत गेली. तिथल्या एका बाईनं काढली, आत सांगलीचं भडंग आणि दोन फोन बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, माणसं कुठायत बघ. तो नवरा वल्हवत आला. माझ्याच वयाचा, तोंडात पान. खडकाखाली होडी लावून त्यानं आधी बायकोची सायकल घेतली, मग तिला, मग मला. "घाटावरचे काय?" मी हो म्हटलं. "वाटलाच. ह्या खडकार पाणी चढत नाय कधी. बसून रायला असतास तरी चाललं असतं. पण पाण्यात कोण उतारला?" बायकोनं माझ्याकडं बोट केलं. तो हसला नाही. वल्हं थांबवून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भरतीशी सलगी नाय करायची, दादा. ती कुणाची नाय." आणि मग मला तुमची छडी ऐकू आली, टेबलावरची. पाठांतर चुकलं नव्हतं तर.

रात्री त्यांच्याच पडवीत झोपलो. सकाळी ओहोटीला माझी सायकल चिखलात रुतलेली सापडली. त्यानं गोड्या पाण्यानं धुऊन साखळीला तेल घातलं. पिशवीतून वाचलेल्या फोनवर मुलाला कळवलं, तर तो म्हणाला, जीप पाठवतो, आत्ताच्या आत्ता. मी हो म्हणणार होतो. माझ्या तोंडात हो आलेला होता. बायकोनं फोन घेतला. "जीप नगं. आमी सायकलीनं येतोय. तुज्या बापाला मी रस्त्यावरनं खाली उतरू देत न्हाई, झालं?" मग गणपतीपुळ्याला देऊळ केलं, समुद्राला हात जोडले ते तिनं, मी देवळाकडं तोंड करून उभा होतो. रत्नागिरीच्या पुढं रस्ता आत वळला आणि पाणी दिसेनासं झालं तेव्हा मला श्वास घेता आला. आंबा घाटात निम्म्याच्या वर चढ चालत चढलो. पायांना ओवी लागली नाही, पण चाललो.

आता हे लिहितोय, बाई, सांगलीत, खिडकीखाली दुचाक्यांचा आवाज चालू आहे. हे पत्र टाकायला जागा नाही, टाकायचंही नाही, घडी करून शर्टांच्या खाली ठेवीन. तुम्ही चुलीकडं वाकायचात ते का, हे मी कधी विचारलं नाही आणि आता कुणाला विचारणार. जयगडच्या आसपास कुठंतरी तुमचं गाव होतं एवढंच माहीत होतं, तिथून गेलो, पण त्या दिवसानंतर घर शोधत बसायची माझी छाती झाली नाही. शेजारी विचारतात, काका, समुद्र कसा वाटला? मी म्हणतो, भव्य. तो शब्द तुमच्या वर्गातला आहे. आवडला नाही, बाई. तुमच्या कवितांतला आवडतो अजून, म्हणतोही, पण तो तिथला मला आवडला नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही फारसा आवडत नसावा.

गंमत अशी की तिला आवडला. आख्ख्या गल्लीला सांगत असते, उलटं पानी बघितलं, लाल झालेलं बघितलं, लय झ्याक. काल जेवताना म्हणाली, "दिवाळी झाली की परत जाऊ, आवं. आता दापोलीकडनं. ह्या टायमाला मी सांगीन तिथंच थांबायचं." मी भात कालवत राहिलो. मग म्हटलं, बघू, गुडघा दुखतोय जरा. तिनं रात्री तेल चोळून दिलं, गरम करून, बराच वेळ.

गुडघ्याला काही झालेलं नाही, बाई.